जोरदार करंटसाठी स्कूबाचे फिन्स घेताय? आधी पाय मोजा

मालदीवचं ठरतं, ग्रुपवर सगळ्यांची तिकिटं बुक होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी फोन येतो, अरे तिकडे करंट फार असतो म्हणे, फिन्स कुठले घेऊ? करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह, फिन्स म्हणजे डायव्हिंगला पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे. दर नोव्हेंबर-डिसेंबरात हा फोन येतोच आणि दर वेळी मी अर्धा तास तेच तेच बोलतो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

मी डायव्हिंग शिकलो तारकर्लीला, मग कर्नाटकातलं नेत्राणी बेट, मग अंदमान. या सगळ्या ठिकाणी मी भाड्याचे फिन्स वापरले आणि कधी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही, पायात चढले म्हणजे झालं. पहिल्यांदा मालदीवला गेलो तेव्हाही बोटीवरच्या ढिगातून एक जोडी उचलली, मऊ रबरी फुल फूट (टाचेसकट बुटासारखा), माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठी, म्हटलं चालतंय की. चॅनेलच्या, म्हणजे प्रवाळातल्या फटीच्या, तोंडाशी उतरलो, गाईड पुढे, समोर रीफचा, म्हणजे प्रवाळाच्या खडकाचा, काठ दिसतोय जेमतेम पंधरा मीटरवर, आणि मी जीव तोडून किक मारतोय तरी काठ जवळच येईना. फिनच्या आत पाय फुळुक फुळुक हलतोय, तो निसटू नये म्हणून मी बोटं आवळून धरलेली, आणि दीडेक मिनिटात उजव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यापुढे काजवे. गाईडने मागे वळून बघितलं, माझ्या बीसीडीचा (हवा भरायच्या जॅकेटचा) पट्टा धरला आणि पिशवी ओढावी तसं मला ओढत काठावर नेलं. शार्क बघितले का म्हणाल तर नाही, मी पोटरी चोळत होतो. डायव्ह काँप्युटर आणि कॅमेऱ्यावर हजारो रुपये घातले होते आणि पायात जे आलं ते घातलं होतं, ही चूक सर्वस्वी माझीच.

आधी एक हिशोब, मग खरेदी

कुठलाही फिन करंटला हरवत नाही. दुकानदार काही म्हणू दे. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर, मिनिटाला साधारण 31 मीटर. ऐकायला काहीच नाही, आपले आजोबा बाजारातून पिशवी घेऊन याहून जोरात चालतात. पण पाठीवर टाकी, अंगात बीसीडी, हवेच्या चार नळ्या, एवढं सगळं घेऊन तब्येतीने चांगला डायव्हरही एक नॉटच्या आसपासच थोडा वेळ पोहू शकतो, म्हणजे समोरून एक नॉटची ओढ असेल तर तुम्ही जीव काढून जागच्या जागी. त्यात पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट करायचा तर जोर चौपट लागतो आणि दमछाक आठपट. फिन बदलून यात थोडाफार फरक पडतो, चमत्कार होत नाही.

आता हवेचा हिशोब बघा, हा कोणी सांगत नाही. 12 लिटरची टाकी 200 बार दाबाला भरली तर 2400 लिटर हवा. आरामात असताना मिनिटाला समजा 20 लिटर घेता, पण 30 मीटरवर दाब चौपट म्हणून तिथे 80 लिटर. तिथेच दणादण किक मारायला लागलात की पृष्ठभागाच्या हिशोबाने 50 लिटर सहज लागतात, म्हणजे खाली 200 लिटर. तुमच्याकडे 100 बार उरलेत आणि 50 राखीव ठेवायचेत, तर वापरायला 600 लिटर, म्हणजे तीन मिनिटं. फक्त तीन. म्हणून करंटसाठी फिन निवडायचा म्हणजे दोन-तीन मिनिटं पूर्ण ताकदीने किक मारता येईल, गोळा येणार नाही आणि धाप लागणार नाही असा फिन शोधायचा. यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

फिनला नेमकं काय काम करायचंय ते ठरवा

मालदीवमध्ये प्रवाळबेटांची कडी असते आणि त्या कडीला मधेमधे फटी असतात, त्याला तिथले लोक कांडू म्हणतात, आपण चॅनेल. जानेवारी ते एप्रिलमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, पाणी साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं, त्यामुळे पूर्वेकडच्या चॅनेलमधून समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरतं आणि शार्क, ईगल रे सगळे त्या तोंडाशी येऊन उभे राहतात. तुम्ही बाहेरच्या निळ्या पाण्यात उडी मारता, बीसीडी रिकामं ठेवून सरळ खाली जाता, 25-30 मीटरवरचा काठ गाठता, रीफ हूक (दोरीला बांधलेला आकडा) खडकात अडकवता आणि पतंगासारखे तरंगत बसता. 30 मीटर ही तिथली मर्यादाच आहे, त्याखाली जायचं नाही. नंतर हूक सोडला की करंट तुम्हाला आत घेऊन जातो, फुकटची लिफ्ट.

म्हणजे तासाभराच्या डायव्हमध्ये खरी किक लागते ती काठ गाठेपर्यंत, दोन-तीन मिनिटं, आणि तीही बहुतेक आडवी. हे आडवं प्रकरण समजून घ्या. समजा काठ 20 मीटर बाजूला आहे आणि तुम्ही अर्ध्या नॉटने आडवे जाताय, तर सव्वा मिनिट लागेल, तेवढ्यात एक नॉटचा करंट तुम्हाला 40 मीटर पुढे नेईल. म्हणून गाईड वरच्या अंगाला उडी मारायला लावतो आणि 'गो गो गो' ओरडतो तेव्हा मास्क पुसत बसायचं नसतं.

इंडोनेशियातल्या कोमोडोचं गणित वेगळं. तिथे पॅसिफिकचं पाणी बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून हिंदी महासागरात येतं आणि वर भरती-ओहोटीचा जोर, त्यामुळे तासाभरात करंट पलटतो, खडकामागे भोवरे असतात, कधी पाणी खाली ओढतं. तिथे नुसती सरळ ताकद पुरत नाही, पटकन वळता यावं लागतं, थांबता यावं लागतं.

पाय मोजा, आणि संध्याकाळी मोजा

दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी चावतं. कागदावर दोन्ही पाय उभे राहून काढा, बसून नाही. लांबी घ्या आणि चवड्याची रुंदीही घ्या. आयुष्यभर चपला घालून वाढलेला आपला पाय पुढे पसरट असतो, माझा तर बदकासारखा आहे, आणि बरेचसे फिन्स अरुंद पायाच्या साच्यावर बनवल्यासारखे वाटतात. बुटाचा नंबर आठ म्हणून फिनचा नंबर आठ असं करू नका, एका कंपनीचं लार्ज ते दुसरीचं मीडियम.

ओपन हील, म्हणजे मागे टाच उघडी असलेला फिन, घेणार असाल तर आधी बूटी (निओप्रीनचा मऊ बूट) घ्या, मग त्या बूटीवर फिन. हा क्रम उलटा केलेले किमान तीन जण मला माहीत आहेत, तिघांनीही नंतर काहीतरी विकलं.

घालून बघताना खुर्चीत बसा, फिन चढवा आणि मित्राला ब्लेड, म्हणजे पुढचं पातं, घट्ट धरायला सांगा. आता किक मारल्यासारखा पाय वर-खाली करा, मग डावी-उजवीकडे फिरवा. आत पाय सरकला, टाच उचलली गेली किंवा फिन मागे राहून पायच फिरला तर ती जोडी ठेवून द्या, सेलमध्ये असली तरी. घट्ट किती? पाऊल सगळीकडून पकडलेलं वाटावं पण अंगठा दाबला जाऊ नये आणि तळव्याच्या कमानीत कळ येऊ नये. दहा मिनिटं तसंच घालून बसा, दुकानदाराला बोलू द्या. मुंग्या आल्या तर नको.

सैल फिन हे गोळ्याचं सगळ्यात मोठं कारण असं माझं मत. ढिला फिन धरून ठेवायला आपण नकळत बोटं आवळतो, बोटं आवळली की तळवा आणि पोटरी सतत ताणलेली, आणि त्यात जोर लावला की गोळा.

फुल फूट की ओपन हील

यावर लोक तावातावाने भांडतात, मला तेवढं भांडण्यासारखं काही दिसत नाही. फुल फूट म्हणजे बुटासारखा, टाचेसकट पूर्ण पाय आत. हलका, बॅगेत कमी जागा, पायाची ताकद थेट ब्लेडला जाते. मालदीवचं पाणी 27 ते 30 डिग्री, थंडीचा प्रश्न नाही, आणि तिथले कितीतरी गाईड लांब ब्लेडचे फुल फूट घालूनच सरसर जातात. अडचण एकच, तो तुमच्या पायाला अगदी बरोब्बर बसला पाहिजे, स्ट्रॅप ओढून घट्ट करायची सोय नाही. पातळ निओप्रीनचे मोजे घातले की टाच सोलपटत नाही.

ओपन हीलमध्ये मागे स्ट्रॅप आणि आत बूटी. वजन वाढतं, पण तापलेल्या डेकवर चालता येतं, शिडी चढताना फिन झटकन काढता येतो, आणि नेत्राणी, अंदमान, मालदीव सगळीकडे तीच जोडी चालते. पहिली आणि एकच जोडी घ्यायची असेल तर मी ओपन हील म्हणतो. फुल फूट दुकानात घालून बघायची सोय असेल आणि पायाला चपखल बसला तर खुशाल घ्या, पण ऑनलाइन मागवू नका.

ब्लेड

इथे थोडा वेळ काढा.

मऊ ब्लेड हळू पोहायला छान, पण जोर लावला की ते नुसतं वाकतं आणि तुमची ताकद पाण्यात विरघळते, माझ्या त्या भाड्याच्या फिन्ससारखं. फार कडक ब्लेडमध्ये ताकद असते पण ती वापरायला तशी मांडी हवी, नाहीतर दहा किकनंतर गुडघा वाकायला लागतो आणि सायकल चालवल्यासारखी किक सुरू होते, त्यातून पुढे जाणं शून्य. ऑफिसात दिवसभर बसणाऱ्या माणसाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, मध्यम-कडक ब्लेड घ्यावं. कडेला उभे कणे असलेलं आणि मधे लवचिक पट्ट्यांचे खाचे (यांनाही चॅनेलच म्हणतात) असलेलं, म्हणजे किक मारली की ब्लेडचा चमच्यासारखा खोलगट आकार होतो आणि पाणी कडेने न सांडता मागे ढकललं जातं. मारेसचा अवांती क्वात्रो या प्रकारातला जुना, ठिकठिकाणी दिसणारा फिन, त्यातला क्वात्रो म्हणजे चार चॅनेल. स्कूबाप्रोचा सीविंग नोव्हा वेगळ्या पद्धतीने काम करतो, त्याचं पंखासारखं ब्लेड बुडाशी वाकून कोन धरतं, तोही करंटमध्ये चालवलेले लोक खूश दिसतात. मी क्वात्रोवाला आहे, पण माझ्या पायाला तो बसतो म्हणून, त्यात फार तत्त्वज्ञान नाही.

दुकानात करायची साधी परीक्षा: फूट पॉकेट, म्हणजे पाय जातो तो भाग, पोटाशी धरा, ब्लेडचं टोक जमिनीवरच्या मॅटवर टेकवा आणि दाबा. ब्लेड धनुष्यासारखं सगळीकडून सारखं वाकायला हवं. फूट पॉकेटच्या पुढे एकाच जागी घडी पडल्यासारखं मोडत असेल तर नको. मग हात सोडा, टप्पकन सरळ झालं पाहिजे, मरगळल्यासारखं हळूहळू नाही. दुकानदार जरा वैतागतो, वैतागू द्या.

आता जेट फिन. 1960 च्या दशकातलं डिझाइन, आखूड, रुंद, जाड काळं रबर, मधे पाणी जायला भोकं. दणकट इतका की नातवाला देता येईल. फ्रॉग किकला (बेडकासारखी किक), मागे सरकायला, जागेवर वळायला याच्यासारखा नाही, आणि टेक डायव्हिंगवाले त्याच्यावर जीव टाकतात. पण जोडीचं वजन अडीच-तीन किलो, आणि पाण्यात तो बुडतो. थंड पाण्यात ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) घालणाऱ्याचे पाय हवेने वर येतात, त्याला हे वजन उपयोगी. आपण मालदीवला रॅशगार्ड नाहीतर 3 मिमीचा सूट घालून उतरणार, आपले पाय आधीच खाली, वर हे वजन लावलं की शरीर तिरकं होतं आणि करंटला छाती-पोट-मांड्या सगळ्याचा पडदा मिळतो. फिनने कमावलेलं तिथेच गेलं. ज्यांचे पाय वर तरंगतात त्यांनी घ्यावा, बाकीच्यांनी आधी कोणाचा तरी मागून घालून बघावा.

स्प्लिट फिन, म्हणजे ब्लेड मधून चिरलेला. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खरंच सुखाचा, लहान लहान भराभर किक मारत राहायची, पायाला भार कमी. सरळ पोहताना वाईट नाही, लोक उगाच नावं ठेवतात. पण भोवऱ्यात सापडल्यावर एका किकमध्ये वळायचंय, मागे सरकायचंय, तेव्हा तो हातात हवा तसा येत नाही. मालदीवला चालेल, कोमोडोला मी नेणार नाही.

फ्रीडायव्हिंगचे लांबलचक फिन्स स्कूबाला नको. यूट्यूबवर बघून विचारणारे आहेत म्हणून लिहिलं. रीफजवळ ते प्रवाळावर आपटतात आणि बोटीवर सगळ्यांच्या पायात येतात.

स्ट्रॅप ही छोटी गोष्ट नाही

ओपन हीलवर येणारा रबरी स्ट्रॅप उन्हा-मिठाने सुकतो, बारीक चिरा पडतात आणि तो बोटीच्या काठावर बसून उडी मारायच्या क्षणीच तुटतो. स्प्रिंगचा स्ट्रॅप लावून टाका, स्टीलची स्प्रिंग, बकलची भानगड नाही, टाचेमागून ओढला की बसला. खोलवर बूटी दबली तरी स्प्रिंग आपोआप आवळते, रबरी स्ट्रॅप तिथे ढिला पडतो. जुना रबरी स्ट्रॅप फेकू नका, तो बॅगेत जादाचा म्हणून ठेवा. आणि स्प्रिंग स्ट्रॅप मागवताना तो तुमच्याच फिनच्या खुंटीला बसतो ना हे विचारा.

स्विमिंग पूलमध्ये परीक्षा

फिन्स आले की ट्रिपच्या किमान तीन आठवडे आधी पूलमध्ये न्या. काही पूलवाले फिन्स आत नेऊ देत नाहीत, सकाळी लवकर गर्दी नसताना गोडीत विचारलं की बहुतेक ऐकतात.

स्नॉर्केल लावा, चार फेऱ्या आरामात मारा. मग भिंतीला दोन्ही हात टेकवा, पाय मागे आडवे, आणि भिंत पलीकडे सरकवायचीच आहे अशा जोराने सलग दोन मिनिटं किक मारा. हाच तुमचा करंट. एक मिनिट थांबा, परत दोन मिनिटं, असं तीनदा. आता कुठे दुखतंय ते नीट बघा. मांडीचा वरचा भाग आणि ढुंगण भरून आलं तर उत्तम, किक कमरेतून येतेय. पोटरी धरली असेल तर एक तर ब्लेड तुमच्यासाठी कडक आहे नाहीतर फिन सैल. तळव्यात कळ असेल तर मापात गडबड. गुडघा दुखला तर मऊ ब्लेडकडे जा, हट्ट करू नका. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख दुखत असेल तर एक नंबर वर, नाहीतर चौथ्या दिवशी ते काळं पडेल, माझं पडलंय.

आठवड्यातून दोनदा हे केलं की तीन आठवड्यांत फरक जाणवतो. घराचे जिने चढलात तरी बरं, पण फिन घालून मारलेल्या किकची सर कशाला नाही.

गोळा आलाच तर पाण्यात फिनचं टोक हाताने धरा, गुडघा सरळ ठेवा आणि टोक आपल्याकडे ओढा, पोटरी ताणली जाते आणि सुटते. पूलमध्ये दोन-तीनदा करून ठेवा, तिथे 25 मीटरवर फिनचं टोक शोधत बसायला लागू नये.

पैसे आणि बॅग

बऱ्या ब्रँडचे ओपन हील साधारण आठ-दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत, बूटी आणि स्प्रिंग स्ट्रॅपचे वेगळे. बजेट कमी असेल तर ओळखीच्या डायव्हरकडून सेकंड हँड घ्या, चांगला फिन दहा वर्षं सहज जातो, फक्त फूट पॉकेट आणि ब्लेड जोडलेल्या जागी चीर नाही ना ते वाकवून बघा. बहुतेक ओपन हील मोठ्या सुटकेसमध्ये तिरके बसतात, फूट पॉकेटमध्ये मोजे-चड्ड्या कोंबा म्हणजे जागाही वाचते आणि पॉकेट चेपतही नाही.

कोमोडोला जाणाऱ्यांसाठी एक फुकटची टीप. कोळी लोक बघतात तसं पंचांग बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त, अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग, तेव्हा कमी. पहिल्यांदा जात असाल तर तारखा कालनिर्णय समोर ठेवून घ्या, बोटवाल्याला कशाला सांगायचं.

तिथे पोचल्यावर

नवे फिन्स म्हणजे वजनाचा हिशोब बदलला. आधीचे तरंगणारे होते आणि आताचे बुडणारे असले तर पट्ट्यातलं वजन थोडं कमी लागेल, पहिल्या दिवशीच्या चेक डायव्हला ते बघून घ्या आणि मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, पाय खाली लोंबतायत का ते त्यात लगेच कळतं. लोंबत असतील तर कमरेचं थोडं वजन वर टाकीच्या पट्ट्यावर सरकवा.

करंटमध्ये खालीच राहा, तळाला चिकटून, खडकाच्या आडोशाने, तिथे पाण्याचा वेग कमी असतो, हातभर वर आलात तरी फरक जाणवतो. किक लांब आणि कमरेतून. फ्रॉग किक एरवी कितीही सुंदर दिसली तरी समोरून ओढ असताना साधी वर-खाली किकच मारा. श्वास वाढला, धाप लागली की किक थांबवायची, जिवंत प्रवाळ नाही अशी खडकाची जागा बघून धरायचं किंवा हूक लावायचा आणि दहा-बारा शांत श्वास घ्यायचे. धरायला काही नसेल तर गाईडला खूण करून वाहत जायचं, जोडीदार सोडायचा नाही, आणि वर येताना एसएमबी, म्हणजे खुणेचा फुगा, आधी सोडायचा. एवढ्यासाठीच बोट मागे मागे येत असते.